थोरली, धाकटी आणि सोमवारचा व्हायरस

टायरकाकांचा डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा. बस डेपोच्या टायर विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि हवा मोजायचं यंत्र बहुतेक काळ त्यांच्या खिशातच राहिलं. हातात लोखंडी दांडा घ्यायचा, टायरवर एक ठेवून द्यायची, मान तिरकी करायची आणि जाहीर करायचं, "मागची उजवी जोडी, आतला. चार पौंड कमी." नवे मेकॅनिक हसायचे, यंत्र लावून बघायचे आणि मग हसायचे थांबायचे.

त्याच डेपोत काकांनी एक गोष्ट मनाशी पक्की बांधली. टायर एका जागी म्हातारा होऊ द्यायचा नाही. पुढचा मागे, मागचा पुढे, आतला बाहेर. वार ठरलेला, सोमवार. वेळ ठरलेली, सकाळी दहा. "एकाच खांद्यावर ओझं टाकलं की खांदा जातो. पाळीपाळीनं वागवलं की दोघं टिकतात."

निवृत्त झाले तरी सोमवार काही निवृत्त झाला नाही. घरातल्या खुर्च्या, उशा, न्हाणीघरातल्या दोन बादल्या, सगळ्यांची पाळी लागली. काकू सोमवारी सकाळी चहा घेऊन बसायला जायच्या, तर त्यांची नेहमीची खुर्ची खिडकीपाशी गेलेली.

"अहो, खुर्ची आहे ती. बस नाही."

"चारही पाय सारखे झिजले पाहिजेत."

"माझे झिजलेत, ते बघा आधी."

रिकामं बसणं काकांच्या कुंडलीत नव्हतं. पुढच्या खोलीत त्यांनी एक काम काढलं. लोकांच्या घरी माळ्यावर पडलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट असतात, कोणाच्या पहिल्या पावलांच्या, कोणाच्या शाळेतल्या नाटकाच्या. लावायला यंत्र नाही, टाकवत नाही. काका त्या कॅसेट घ्यायचे, बुरशी पुसायचे, चालवायचे आणि कॉम्प्युटरमध्ये उतरवून द्यायचे. खोलीत तीन व्हिडिओ प्लेयर, त्यातल्या एकाचं झाकण कायमचं उघडं, टेबलावर स्पिरिटची बाटली, कानात घालायच्या कापूसकाड्यांचा डबा आणि वायरींचा असा गुंता की झाडू मारणारीनं एकदाच बघितलं आणि सांगितलं, "हे तुमचं तुम्ही."

टेबलाच्या कोपऱ्यात एक काळा डबा होता. त्यात खणांमध्ये बसवलेल्या दोन डिस्क. जे पहिलीवर लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर, म्हणजे दोघी एकमेकींचा आरसा. या व्यवस्थेला रेड म्हणतात, एवढं काकांना माहीत होतं. डबा बसवून देणारी कॉम्प्युटरवाली जाताना म्हणाली होती, "काका, निर्धास्त राहा. एक डिस्क गेली तरी दुसरी सगळं सांभाळते." मग ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, आणि हे एकच वाक्य मागे राहिलं.

काकांनी ते वाक्य डेपोच्या भाषेत लावून घेतलं. म्हणजे बसची मागची जोडचाकं. एक फुटलं तरी दुसरं गाडी घरी आणतं. पण मग दोघींनी रोज राबायचं कशाला? डिस्कना त्यांनी नावं दिली, थोरली आणि धाकटी, घरातल्या दोन जावांसारखी. आणि पाळी लावली. एका सोमवारी दहा वाजता थोरलीची कडी दाबायची, ती खणातून ओढायची, मऊ फडक्यानं पुसायची, अर्धा तास टेबलावर आडवी ठेवायची आणि परत खणात सरकवायची. पुढच्या सोमवारी धाकटी. डबा बंद करायची गरजच नाही, दुसरी असतेच कामावर.

डबा मात्र त्या दिवशी टीं... टीं... करायचा. काकांना त्यात वावगं काही वाटलं नाही. बस मागे घेतानाही असंच वाजतं. वाजतंय म्हणजे जिवंत आहे. कान किटतात म्हणून ते डब्यावर एक उशी ठेवायचे. तीसुद्धा पाळीची.

त्या डब्यात गल्लीतली निम्मी बालपणं होती. पण काकूंना त्यातली एकच फाइल ठाऊक होती, "सासूबाई". अकरा मिनिटांची. काकूंच्या आईचं एवढंच हलतं-बोलतं चित्र जगात उरलं होतं. मूळ कॅसेटला बुरशी लागली होती, काकांनी ती शेवटची एकदा कशीबशी चालवून उतरवून घेतली, आणि मग तिची फीत चुरगळून तुटली.

ती अकरा मिनिटं अशी. बावीस वर्षांपूर्वी काकांनी कोणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणला. सासूबाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. काकांना मशीनच्या आवाजात काहीतरी कटकट ऐकू आली. त्यांनी चालू कॅमेरा टेबलावर ठेवला आणि मशीन उघडायला गेले. पुढे सासूबाई मानेपासून खाली दिसतात, आणि त्यांचा आवाज.

"जावईबापू, चाललंय ना ते?"

"चाललंय, पण आवाज..."

"मग चालत्या गोष्टीला हात कशाला लावताय?"

सातव्या मिनिटाला एक स्क्रू खाली पडतो. सासूबाई तो शोधायला वाकतात, आणि त्यांचा सबंध चेहरा पडद्यात येतो. स्क्रू सापडतो, त्या वर बघतात, सुटं झालेलं मशीन आणि मध्ये उभा जावई दिसतो, आणि हसू आवरत नाही. मग पुन्हा वर जातात, पुन्हा मानेपासून खाली. काकू दर रविवारी चहा घेऊन बसायच्या ते त्या वाकण्यासाठी.

"माझी आई त्या डब्यात आहे," काकू म्हणायच्या. "तिला काही झालं, तर तुमचं मी काय करीन ते मलाही माहीत नाही."

हे त्या शांतपणे म्हणायच्या, म्हणून काकांना जास्त भीती वाटायची.

आता झालं असं की कॉम्प्युटर सोमवारीच आजारी पडतो हे काकांच्या ध्यानात आलं. मंगळवारी टुणटुणीत, शनिवारी टुणटुणीत, सोमवारी मात्र चित्र अडकतंय, फाइल उघडेना, माऊसचा बाण गोगलगायीसारखा. काकांनी दोन महिने निरीक्षण केलं आणि निदान केलं.

"व्हायरस आहे."

"फक्त सोमवारचा?" काकूंनी विचारलं.

"रविवारी गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन येतात. रात्रभर तो मुरतो. सोमवारी कामाला लागतो."

"तुमच्यापेक्षा बरा. वेळेवर कामाला लागतो."

काका बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथला विक्रेता दर वाक्याला "टेन्शन घेऊ नका" म्हणायचा आणि त्याच वाक्यात टेन्शन द्यायचा.

"अँटिव्हायरस? टेन्शन घेऊ नका काका, आहे ना. हा घ्या, फुल संरक्षण. बँक, ईमेल, मुलं, सगळं."

"मुलं मोठी झाली. रेडला चालतो का?"

विक्रेत्याचा हात खोक्यावरच थबकला. "रेड आहे? दोन डिस्कवाली? मग बघावं लागेल. चुकीचा टाकला आणि डिस्कशी भांडला, तर दोन्ही एकदम बसतात. म्हणजे टेन्शन घेऊ नका, दर वेळी होतं असं नाही."

काका खोकं खाली ठेवून परत आले. त्या दिवसापासून "रेडला चालतो का?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर बसला. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असतं ते त्यांनी भिंगानं वाचलं. किती जागा लागेल, किती मेमरी लागेल, सगळं होतं. रेडबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी न्हाव्याला विचारलं. न्हावी म्हणाला, "मी विचारून सांगतो," आणि पुढच्या वेळी म्हणाला, "केस बरेच गेलेत."

मग आले काकूंचे भाऊ. यांना सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं तेही सांगता येतं. बोलताना डोळे मिटायचे आणि तर्जनीनं हवेत आकृती काढायचे.

"दाजी, बेसिकली काय आहे, व्हायरस म्हणजे एक माणूस आहे असं समजा."

"समजलो."

"आणि अँटिव्हायरस म्हणजे बेसिकली दुसरा माणूस."

"बरं. मग रेडला चालतो का?"

"बेसिकली," डोळे आणखी घट्ट मिटले, "चालवला तर चालतो."

त्यांनी एक फुकटचा अँटिव्हायरस स्वतःच्या हातानं चढवून दिला, दोन कप चहा घेतला आणि गेले. फुकट्यानं कामाला लागून अर्ध्या तासात पहिला गुन्हेगार पकडला. पडद्यावर लाल चौकट आली. काकूंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली, "सासूबाई. संशयास्पद फाइल. विलगीकरणात हलवली आहे."

त्यांनी चष्मा काढून काकांकडे बघितलं.

"माझी आई संशयास्पद?"

"अगं, तो मशीनचा..."

"ती जन्मात कधी कोणापासून वेगळी राहिली नाही. काढा तिला बाहेर."

काका धाकटीच्या भरवशावर होते. थोरलीवरून गेली असेल, तर धाकटीवर असेलच. नव्हती. एकीवरून हलली ती त्याच क्षणी दुसरीवरूनही हलली. आरसाच तो. इकडे टिकली पुसली, तिकडचीही पुसली जाते. दुसरी सगळं सांभाळते, या वाक्याला कुठेतरी भोक आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पाऊण तास खटपट करून त्यांनी "परत आणा" नावाचं बटण शोधलं, सासूबाई परत आल्या, आणि फुकट्याला त्यांनी जागच्या जागी घराबाहेर काढलं.

काकूंनी लगेच सगळी अकरा मिनिटं लावून बघितली. वाकल्या. हसल्या. सगळं जागच्या जागी होतं.

"आता काय लावाल ते विचारून लावा," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या भावाला नका विचारू."

तिसऱ्या एका कंपनीची हेल्पलाइन होती. काकांनी ठरवलं, थेट बनवणाऱ्यालाच विचारायचं. मधल्या एका सोमवारी ते दोघं काकूंच्या भावाकडे जेवायला गेले होते, त्यामुळे धाकटीची पाळी चुकली होती. म्हणून या सोमवारी दोघींची पाळी उरकायची होती. दहाला थोरली काढली, पुसली, साडेदहाला परत बसवली. डबा टीं टीं करतच होता, त्यावर उशी ठेवली. कॉम्प्युटर लगेच गोगलगाय झाला. हाच मोका, व्हायरस कामावर असतानाच विचारावं, म्हणून त्यांनी फोन लावला.

"आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे," एक गोड बाई म्हणाली आणि बासरी लावून निघून गेली. वीस मिनिटं बासरी. मधून मधून ती येऊन कॉल अजून महत्त्वाचा आहे असं सांगून जाई. काकांनी फोन स्पीकरवर टाकला. भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या, "एवढा महत्त्वाचा आहे, तर उचलत का नाहीत?"

शेवटी एक खरी बाई आली. आवाज तरुण, थोडा बसलेला, सकाळपासून पन्नास जणांशी बोलल्यासारखा. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"तुमचा अँटिव्हायरस रेडला चालतो का?"

"चालतो, काका. अँटिव्हायरसला तुमच्या दोन डिस्क दिसतच नाहीत. त्याला एकच दिसते. आतली वाटणी तुमचा डबा बघतो."

इतक्या दिवसांचा प्रश्न तीन वाक्यांत सुटला. काकांना हायसं वाटायच्या ऐवजी थोडं फसवल्यासारखं वाटलं. "इतकं सोपं असतं, तर दुकानदार का घाबरला?"

"ते मी कसं सांगू? तुम्हाला त्रास काय होतोय?"

"दर सोमवारी मशीन मंद होतं. व्हायरस सोमवारी येतो." बोलता बोलता घड्याळाकडे बघितलं, अकरा वाजत आले होते. धाकटीची वेळ टळत होती. काकांनी डाव्या हातानं डब्यावरची उशी उचलून बाजूला ठेवली.

टीं. टीं. टीं.

"काका," फोनमधला आवाज थांबला. "हा मागे कसला आवाज?"

"कुठला? हा? हा दर सोमवारी वाजतो."

"उगाच नाही वाजत हो. डब्यावरचे दिवे कसे आहेत?"

"थोरलीचा नारिंगी, लुकलुकतोय. धाकटीचा हिरवा."

"थोरली कोण?"

"डिस्क. आत्ताच विश्रांती घेऊन आली. आता धाकटीला सोडतो." काकांचा अंगठा कडीवर गेला.

"काका, तुमचा हात कुठे आहे?"

"धाकटीवर."

"काढा."

ती ओरडली नाही. पण डेपोत कोणी गाडीखाली असताना जॅकवाल्याला सांगायचे ना, त्या आवाजात म्हणाली. काकांचा हात आपोआप मागे आला. काकूंच्या हातातली भाजीची जुडी परातीत पडली.

"आता ऐका," ती म्हणाली. "तुम्ही थोरलीला बाहेर ओढलंत, तेव्हा डब्याला वाटलं ती मेली. म्हणून तो बोंबलतोय. परत घातलीत, तर तो तिला कोरी समजून धाकटीवरचं सगळं पहिल्यापासून तिच्यावर उतरवून काढतोय. डिस्क मोठी असेल, तर सहा-सात तास लागतात. तोपर्यंत थोरलीवर भरवसा नाही. सगळं फक्त धाकटीवर आहे. ती आत्ता ओढली असतीत, तर..."

"तर?"

"तर दोन्ही नाहीत."

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी काकूंकडे बघायचं टाळून फोनकडे बघितलं.

"किती दिवस करताय हे?" फोनमधून प्रश्न आला.

"दोन वर्षं. दर सोमवारी."

पलीकडे तिनं हिशोब केला. मग जपून, "म्हणजे शंभरेक वेळा उतरवलं त्यानं. म्हणूनच सोमवारी मंद. तुमच्याकडे व्हायरस नाहीये, काका."

"मग शंभर सोमवार हे सगळं केलं कोणी?"

"मी काही बोलले नाही," ती म्हणाली.

"मी बोलते," काकू म्हणाल्या.

त्या पुढे जे बोलल्या ते बोलायला त्यांनी दोन वाक्यांपेक्षा जास्त घेतली नाहीत, पण त्यांच्या सुरावरून फोनवालीलाही पुढचा अंदाज आला असावा, कारण ती घाईघाईनं मध्ये पडली. "काकू, आधी हे पूर्ण होऊ द्या. वीज जाऊ देऊ नका, डब्याला धक्का नको. आणि काका, आरसा म्हणजे जादाची प्रत नव्हे. तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, आणि ती दुसऱ्या घरात ठेवा."

मग सुरू झाला तो सात तासांचा पहारा. काकूंनी खुर्ची आणून डब्यासमोर मांडली आणि बसल्या. इस्त्री बंद. मिक्सर बंद. शेजारीण ड्रिल मशीन मागायला आली, तिला दारातूनच वाटेला लावलं. काकांना शिंक आली, तर काकूंनी बोट दाखवून त्यांना स्वयंपाकघरात पाठवलं आणि शिंक तिथे झाली. पडद्यावर आकडा हलत होता. दुपारी एकला पस्तीस टक्के. तीनला साठ. चारला वीज एकदा डोळा मारून गेली. पंखा मंदावला, परत फिरला. डब्याचे दिवे तसेच राहिले.

"अगं," काका हळूच म्हणाले, "मला वाटलं, दोघींना दमवू नये."

काकूंनी आधी पडद्यावरचा आकडा बघितला. मग म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं माणसांपेक्षा चाकांचीच काळजी केलीत. पण केलीत खरी."

काकांना ते कौतुक आहे की काय ते नीट कळलं नाही. त्यांनी ते तसंच खिशात ठेवलं.

सहा वाजायला दहा मिनिटं असताना टीं टीं अर्ध्यावर थांबलं. नारिंगी दिवा हिरवा झाला. काकूंनी माऊस हातात घेतला आणि "सासूबाई" उघडली. मानेपासून खाली सासूबाई. शिलाई मशीन. सातवं मिनिट. स्क्रू पडला. त्या वाकल्या.

काकूंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

अँटिव्हायरस काकांनी त्याच हेल्पलाइनवालीच्या कंपनीचा घेतला. दुकानातला विक्रेता दुसऱ्याची गुणवत्ता सांगू लागला, तर काका म्हणाले, "ज्यांना फोनमधून बीप ऐकू येते, त्यांना व्हायरसची पावलंही ऐकू येतील." तपासणीचा वार त्यांनी गुरुवार लावला. सोमवार नको म्हणाले. तिसरी प्रतही काढली आणि काकूंच्या भावाच्या घरी नेऊन ठेवली. आई हयात असताना एक महिनासुद्धा या मुलाकडे राहिली नव्हती, त्याच्या बोलण्यानं डोकं दुखतं म्हणायची. डिस्क हातात घेऊन भाऊ डोळे मिटून म्हणाले, "बेसिकली, आई आली घरी."

पुढचा सोमवार उजाडला. दहा वाजले. काका काळ्या डब्यासमोर उभे होते, हातात मऊ फडकं. काढणार नव्हते. फक्त वरवर पुसणार होते, कडीच्या आजूबाजूनं. अंगठा जरासा पुढे गेला असेल नसेल, स्वयंपाकघरातून काकू आल्या, त्यांनी माऊस घेतला आणि आवाज पूर्ण वाढवून फाइल नेमक्या जागी सुरू केली.

"मग चालत्या गोष्टीला हात कशाला लावताय?"

काकांनी फडकं खाली ठेवलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले. सासूबाई हयात होत्या तेव्हा त्यांना उलट उत्तर देण्याची काकांची कधी हिंमत झाली नव्हती. आज पहिल्यांदा ते पडद्याला म्हणाले, "नाही लावत."

डबा गप्प होता. काकांनी सवयीनं मान तिरकी करून ऐकलं. दोन्ही डिस्क एका सुरात फिरत होत्या, थोरली आणि धाकटी, हवा बरोबर.

मग ते आतल्या खोलीत गेले आणि काकूंची खुर्ची खिडकीपाशी सरकवली.